गॉथ अजून बोलत असते तर: शेजाऱ्यांच्या संगतीत एक जर्मानिक भाषा कशी घडवावी

१५८९ साली पॅरिसमध्ये छापल्या गेलेल्या एका पत्रात काळ्या समुद्रातल्या क्रिमिया द्वीपकल्पावरच्या गॉथ लोकांचे आकडे दिले आहेत. गॉथांची भाषा जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातली. इता, तुआ, त्रिआ, फीदेर, फ्युफ, सेइस, सेवेने, आथे, नीने, थीने. इंग्रजी किंवा जर्मन येणाऱ्याला यातले बहुतेक ओळखू येतील. पुढे गंमत सुरू होते. अकरा म्हणजे 'थीनिता', सरळसरळ दहा-एक. शंभर म्हणजे 'सादा'. आणि हजार म्हणजे 'हाझेर'.

हा आपलाच हजार. आपल्याकडे तो फारसीतून दख्खनच्या दरबारांमार्फत आला, त्यांच्याकडे काळ्या समुद्राच्या काठाने पोचला. 'सादा'सुद्धा इराणी कुळीचाच. घरात मोजायचे आकडे आजीचे आणि बाजारात मोजायचे आकडे शेजाऱ्यांचे, असा हा हिशेब आहे.

ही भाषा पुढे मेली. ती मेली नसती तर आज कशी असती, हे कागदावर घडवायचा नाद मला काही वर्षांपासून लागला आहे. माझ्या भाषेचं नाव 'गुत्चा'. 'गुत' हा गॉथांचा मूळ शब्द आणि 'चा' हा तातारीतला, म्हणजे क्रिमियन तातारांच्या तुर्की वळणाच्या भाषेतला, भाषेच्या नावाला लागणारा प्रत्यय. रशियनला तातारीत 'रुस्चा' म्हणतात, तसं. नावातच अर्धा शेजारी बसलेला आहे. हे उदाहरण घेऊन पायऱ्या सांगतो. तुम्ही दुसरी जागा निवडलीत तरी क्रम हाच ठेवा.

पहिली पायरी: जागा आणि फाट्याची तारीख (खऱ्या इतिहासापासून आपण जिथे वळतो ती)

'जर्मानिक भाषेवर तुर्कीचा प्रभाव' एवढ्या विचाराने बसू नका. माझा पहिला प्रयत्न असाच होता: डच शब्दांना तुर्की प्रत्यय लावत गेलो आणि दोन आठवड्यांत जे तयार झालं ते भाषा नसून भेळ होती. कुठल्या गावात, कोणत्या साली, कोणाच्या शेजारी, हे आधी ठरायला हवं.

क्रिमियाचा खरा इतिहास या कामाला फार सोयीचा आहे. द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडच्या डोंगरात मांगुप नावाचा किल्ला आहे. तिथे थिओदोरो हे छोटं ख्रिस्ती राज्य होतं, ते १४७५ साली उस्मानी तुर्कांनी घेतलं. किनाऱ्यावर काफ्फा, सुदाक ही इटलीतल्या जिनोव्हाच्या व्यापाऱ्यांची ठाणी, उत्तरेला तातार खानांची सत्ता, चर्चमध्ये ग्रीक. १७७८ साली रशियाने क्रिमियातल्या ख्रिस्ती लोकांना तिथून उठवून अझोव्ह समुद्राच्या काठी नेलं, तिथे मारिउपोल वसलं. १७८३ साली क्रिमिया रशियाने खालसा केला.

इथे मला एक निर्णय घ्यावा लागला. माझे गॉथ क्रिमियातच राहिले असते तर विसाव्या शतकात वाचलेच नसते. तिथल्या जर्मनांना सोव्हिएत सरकारने ऑगस्ट १९४१मध्ये हद्दपार केलं, तातारांना मे १९४४मध्ये, ग्रीकांना त्याच्या पुढच्या महिन्यात. त्यामुळे मी त्यांना १७७८ सालीच ग्रीकांबरोबर अझोव्हच्या काठी पाठवलं. तिथली सार्ताना, उर्झुफ, याल्ता ही गावांची नावं क्रिमियातूनच गेलेली आहेत. त्यांच्या जवळपास माझी दोन गावं वसली. २०२२नंतर त्या भागाचं काय झालं हे सर्वांनी पाहिलं आहे. त्यामुळे माझी भाषा मी २०२१पाशी थांबवली आहे.

दुसरी पायरी: शेजाऱ्यांची वही

एक वही घ्या. शब्द अजून लिहायचे नाहीत. प्रत्येक शेजाऱ्यासाठी एक पान करा आणि तीनच प्रश्न विचारा: आपल्या माणसांना त्याची गरज कशासाठी पडत होती? त्याला आपली गरज होती का? आणि लग्नं होत होती का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात, आणि खरं व्याकरण तिथेच बदलतं. दुकानदाराकडून नाम येतं; सुनेकडून वाक्यरचना येते.

माझ्या वहीतली पानं अशी. ग्रीक: देवधर्म, समुद्र, मासे, धर्म एकच, त्यामुळे लग्नं भरपूर. तातारी: बाजार, घोडे, सरकार; धर्म वेगळा, त्यामुळे लग्नं कमी, पण कामापुरती बोली सगळ्यांना यायची. अझोव्हला गेल्यावर चित्र पालटतं. तिथे गेलेल्या 'ग्रीकां'मध्ये दोन गट होते: रुमेई ग्रीक बोलायचे आणि उरुम तुर्की वळणाची बोली बोलायचे, पण दोघेही ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच. म्हणजे आता तुर्की वळणाची बोली बोलणारी सूनसुद्धा घरात येऊ शकते. शेवटचं पान रशियन-युक्रेनियनचं: लष्कर, शाळा, रेल्वे, कोल्खोज (सोव्हिएत सामूहिक शेती).

एक पान मी फाडून टाकलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच स्टेपच्या (गवताळ मैदानाच्या) पश्चिम भागात, मोलोच्ना नदीकाठी, लो-जर्मन ही उत्तर जर्मनीकडची बोली बोलणारे, मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे शेतकरी आले. जर्मानिकच शेजारी! मोह फार झाला. पण घराला 'हूस', मिठाला 'साल्त' असे शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ सारखेच; कुठला शब्द वारशाचा आणि कुठला उसना हे मलाच कळेना. सुरुवात करणाऱ्याने भाऊबंद भाषेचा शेजार टाळावा.

तिसरी पायरी: कच्चा माल

मूळ भाषेचे शब्द दोन ठिकाणांहून येतात. एक, चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने केलेलं बायबलचं गॉथिक भाषांतर. त्याची सर्वांत प्रसिद्ध प्रत स्वीडनमध्ये उप्साला इथे आहे. दुसरं, वर सांगितलेलं पत्र. ते लिहिणारा बुस्बेक हा फ्लेमिश माणूस, ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग राजघराण्याचा वकील म्हणून (वकील हा शब्द पेशवाईतल्या अर्थाने घ्या) इस्तंबूलला सुलतान सुलेमानच्या दरबारी होता. १५६०च्या सुमारास त्याने क्रिमियाहून आलेल्या दोघांना बोलावून ऐंशी-शंभर शब्द टिपून घेतले.

या यादीवर आंधळा विश्वास ठेवू नका. त्या दोघांपैकी जो मूळचा त्या लोकांतला होता, तो ग्रीकांत राहून आपली भाषा विसरला होता. शब्द सांगितले ते दुसऱ्याने, जो मुळात ग्रीक होता. ऐकणारा फ्लेमिश, छापणारा पॅरिसचा. त्यामुळे रक्ताला 'प्लुत' आणि भावाला 'ब्रुदर', म्हणजे एकदा 'प' आणि एकदा 'ब'. दाढीला 'बार्स' छापलंय, तिथे 'द'चा 'स' झालेला दिसतो. मी एक नियम केला: यादीतल्या तीन-चार शब्दांत जे एकसारखं दिसतं तेच खरं, एकट्या शब्दाचा विचित्रपणा छापखान्याच्या नावे.

चौथी पायरी: ध्वनिबदल, तारीखवार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. उरलेलं सगळं यावर उभं राहतं.

ध्वनिबदल एका काळात चालू असतो आणि मग थांबतो. त्या काळात भाषेत जे शब्द असतील ते सगळे त्याखालून जातात, नंतर आलेले सुटतात. म्हणून प्रत्येक नियमाला साल द्या आणि प्रत्येक शब्दाला प्रवेशाचं साल द्या. मराठीतच बघा: 'बाजार', 'हजार' यांतला ज आपण 'जीवन'मधला काढत नाही, 'जरा'मधला काढतो. फारसीतला ध्वनी आपल्याकडे आल्यावर जवळात जवळच्या खुर्चीवर बसला. इंग्रजी 'स्टेशन'चं आधी 'ठेसन' झालं. आता शाळेत इंग्रजी शिकलेला माणूस 'स्टेशन'च म्हणतो. शब्द तोच, आत येण्याची वेळ वेगळी.

गुत्चाचे माझे मुख्य नियम चार. पहिला माझा नाही, यादीतच दिसतो: जुन्या गॉथिकमधला दीर्घ 'ए' हा 'ई' होतो, दीर्घ 'ओ' हा 'ऊ' होतो. 'स्लेपन'चं 'श्लीपेन' (झोपणे), 'मेना'चं 'मीने' (चंद्र), 'ब्लोथ'चं 'प्लुत', 'ब्रोथर'चं 'ब्रुदर'. हा १५६०च्या आधी होऊन गेलेला आहे.

दुसरा: शब्दाच्या शेवटचा 'स' आणि बिनआघाताचे स्वर गळतात किंवा झिजतात. 'दग्स'चं 'ताग' (दिवस). हाही यादीत दिसतो. 'मीने'चा उरलेला 'ए' मात्र मी माझ्या हिशेबाने पुढच्या शतकात घालवला. आजच्या गुत्चात चंद्र म्हणजे 'मीन'.

तिसरा आणि चौथा माझे. उरुम सुना घरात येऊ लागल्या तेव्हा, साधारण १८०० नंतर, प्रत्ययांना स्वरसुसंगती आली: मूळ शब्दात आ, ओ, ऊ असेल तर प्रत्ययात 'आ', ई, ए असेल तर 'ए'. यादीत डोळ्यांना 'ओएघेने' आहे, त्यातला शेवटचा भाग मी अनेकवचनाचा धरला. म्हणून 'हूस' (घर) 'हूसान', पण 'मीन' 'मीनेन'. त्यानंतर, १८५०च्या आत, शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरं फुटली: 'श्लीपेन'चं 'शिलीपेन', 'ब्रुदर'चं 'बुरूदर', 'स्तुल'चं 'उस्तूल' (बसायचा स्टूल).

आता रेल्वे आली. रशियन 'स्तान्त्सिया' हा शब्द चौथा नियम थांबल्यावर आत शिरला, म्हणून त्याचं जोडाक्षर शाबूत. एकाच वाक्यात 'उस्तूल' आणि 'स्तान्त्सिया' आले की ऐकणाऱ्याला न सांगता काळाचं अंतर कळतं. यासाठीच हा सगळा खटाटोप.

एक खोडी सांगून ठेवतो. नियम तपासायला गॉथिक बायबलमधला चर्चचा शब्द, 'एक्लेस्यो', घेऊ नका. पहिल्या नियमाने त्यात 'ई' येते, पण त्या ग्रीक शब्दातला स्वर खुद्द ग्रीकांनीही मध्ययुगापर्यंत 'ई' केला होता. उत्तर बरोबर येतं आणि नियम चालतोय की शेजारी, हे कळत नाही.

आणखी एक. इंग्रजी 'थिंक'मधला घर्षक 'थ' गॉथिकमध्ये होता, ग्रीकमध्ये आहे, तातारीत नाही. म्हणून माझ्या दोन गावांपैकी रुमेईंच्या शेजारच्या गावात तो टिकला, उरुमांच्या शेजारच्या गावात त्याचा 'त' झाला. बुस्बेक म्हणतो की नामाआधी 'थो' किंवा 'थे' असं उपपद (इंग्रजी 'द'सारखं) लावत. एका गावात 'थो बुरूदर', दुसऱ्यात 'तो बुरूदर'. दुसरं लिहून झालं आणि मी वहीकडे बघतच राहिलो. योगायोग निम्माच आहे. गॉथिकचं ते उपपद आणि आपला 'तो' एकाच मूळ इंडो-युरोपीय सर्वनामाचे वंशज आहेत.

या कामासाठी साधी स्प्रेडशीट पुरते. उभे रकाने: मूळ शब्द, प्रवेशाचं साल, नियम एक ते चार, आजचं रूप, आणि शेवटी अर्थ. अर्थ कधीच रिकामा सोडू नका, महिन्याभरात विसरायला होतं.

पाचवी पायरी: उसने शब्द

वही उघडा आणि पानाप्रमाणे शब्द आणा. द्राक्षवेलीला यादीत 'विंगार्त' हा अस्सल जर्मानिक शब्द आहे, म्हणून मळा आणि वाइन यांचे शब्द मी घरचेच ठेवले. 'बाझार', 'दोस्त', 'दुन्या', 'किताप' तातारीतून. हे मराठी वाचकाला शिकवायला नकोत; तातारांना आणि आपल्याला ते अरबी-फारसीच्या एकाच पुरवठादाराकडून मिळाले. काळ्या समुद्रातला 'केफाल' मासा मुळात ग्रीक, पण तुर्कीतही केफाल आणि रशियनमध्येही. असा शब्द मिळाला की तो सगळ्यात जुन्या पानावर टाका. कोळ्याला माशाचं नाव रेल्वे येईपर्यंत माहीत नव्हतं असं होत नाही.

क्रियापदं मात्र उसनी आणू नका. बहुतेक ठिकाणी लोक नाम उचलतात आणि त्याला घरचं 'करणे' जोडतात. आपण 'कबूल करणे' म्हणतो, तातारीत 'काबुल एतमेक', रचना तीच. यादीत 'केलं' या अर्थी 'वार्थाता' आहे. झालं काम: 'इख काबुल वार्थता', मी कबूल केलं.

सहावी पायरी: व्याकरण

शब्द आधी येतात आणि व्याकरण फार उशिरा वाकतं, पण वाकतं तेव्हा खोलवर. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड भाषाशास्त्रात याच कारणाने प्रसिद्ध आहे. गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवलं की तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचे शब्द वेगवेगळे राहिले, पण वाक्यं जवळजवळ शब्दाला शब्द जुळण्याइतकी एका साच्यात आली. तिथल्या मराठीत निर्जीव वस्तूंचं लिंग कन्नडच्या वळणावर गेलं. त्यांचा निबंध मिळाला तर जरूर वाचा. काल्पनिक भाषा करणाऱ्याला त्याहून चांगला धडा नाही.

म्हणून एकेक वैशिष्ट्य घ्या आणि किती शेजाऱ्यांकडे ते आहे ते मोजा. 'थीनिता' म्हणजे दहा-एक. जुन्या गॉथिकमध्ये अकराला वेगळा शब्द होता. तातारीत 'ऑन बिर', दहा-एकच. हा साचा सोळाव्या शतकातच वाकलेला दिसतो, म्हणून मी वीसपर्यंत तोच चालवला. लिंगं तीन: ग्रीकमध्ये आहेत, रशियनमध्ये आहेत, तातारीत नाहीत. दोन विरुद्ध एक, पण लग्नाचं वजन धरून मी सजीव-निर्जीव एवढाच भेद ठेवला. क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं. शब्दाआधी येणारी अव्ययं शब्दामागे गेली.

इथे एक फजिती झाली. 'इन' म्हणजे 'आत' हे मागे नेऊन त्याला स्वरसुसंगती लावली, तर 'हूस'चं 'हूसान' झालं. म्हणजे 'घरं' आणि 'घरात' एकच! मग 'इन' सुटा शब्द ठेवला, तो अजून प्रत्यय झालेला नाही असं मानून. खऱ्या भाषाही अशा टकरी कुठे ना कुठे चुकवतात.

माझा सर्वांत लाडका भाग भूतकाळाचा. तातारीत स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा भूतकाळ वेगळा आणि ऐकीव गोष्टीचा वेगळा. तुर्कीच्या सहवासात बल्गेरियननेही असा भेद पक्का केला, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मराठी माणसाला हे समजावायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही: 'आला' आणि 'आला म्हणे'. बुस्बेकच्या यादीत 'मी सांगतो' याला 'इख माल्थाता' आहे. मी त्यातून 'माल' एवढाच तुकडा काढला आणि वाक्याच्या शेवटी ठेवला. 'येस कोमता', तो आला. 'येस कोमता माल', तो आला म्हणे. 'थो बुरूदर हूस इन शिलीप्ते माल', भाऊ घरात झोपला म्हणे. या वाक्यातला एकही शब्द उसना नाही आणि तरी ते कुठल्याच जर्मानिक भाषेचं वाटत नाही. शेजारी असा दिसायला हवा.

सातवी पायरी: लिपी

यावर वेळ घालवू नका. मांगुपला नवव्या-दहाव्या शतकातले गॉथिक अक्षरांतले कोरीव लेख सापडले आहेत, पण १७७८नंतर चर्चबरोबर ग्रीक अक्षरं आली असती. १९२०च्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत सरकारने तुर्की वळणाच्या भाषांना लॅटिन लिपी दिली आणि क्रिमियन तातारीला १९३८ साली सिरिलिक. माझ्या गॉथांनाही तेच मिळालं असतं. सिरिलिकला दोन जादा अक्षरं जोडा आणि पुढे चला.

आठवी पायरी: परीक्षा

आधी स्वदेश यादी भरा. नावावर जाऊ नका, मॉरिस स्वदेश हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ होता. डोळा, पाणी, दगड, खाणे असे रोजचे शंभर शब्द तीत असतात. यातले ऐंशीच्या आसपास घरचे निघाले तर भाषा जर्मानिक राहिली असं मी मानतो. हा माझा अंदाजपंचे निकष आहे.

मग भाषांतर करा, पण प्रार्थनेचं किंवा कवितेचं नको. तिथे जुने, घरंदाज शब्द पुरतात आणि फसवणूक होते. स्वयंपाकाची कृती घ्या, भांडण घ्या, दुकानातला संवाद घ्या. मी शेवटचा घेतला: बाई माशाचा भाव करते, दुकानदार मानत नाही, शेवटी ती म्हणते, 'बरं, उधार लिहून ठेव.'

भाव जमला, भांडण जमलं, मासा तर केव्हाचा तयार होता. 'उधार'पाशी अडलो. बाजार तातारी, पण माझी गावं १७७८नंतर तातारांच्या बाजारापासून तुटली. क्रिमियातले आर्मेनियन व्यापारीही त्याच वेळी हलवले गेले, पण ते डॉन नदीवर, नोर नाखिचेवानला. मग माझ्या गावात उधार कोण देत होतं? रुमेई दुकानदार की उरुम की ज्यू की रशियन? शब्द त्याच्या भाषेतला असणार, आणि तो माणूस माझ्या वहीत नाहीच. गेले तीन आठवडे मी पुन्हा दुसऱ्या पायरीवर आहे.